माफीत बसणे

मुकुटबनमध्ये कर्जमाफी ‘मिळते’ असं फारसं कुणी म्हणत नाही. माणूस माफीत ‘बसतो’ किंवा ‘बसत नाही’. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत विचारणा होते ती अशीच : “तुहं बसलं का?” कर्ज किती, पीक किती, घरात खाणारी तोंडं किती, हे कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं. ठाऊक नसते ती एकच गोष्ट : सरकारने कापलेल्या खाच्यात आपण बसतो की नाही.

सध्या हा प्रश्न पुन्हा गावात फिरतो आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये नागपुरात शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, महामार्ग अडला, आणि त्यानंतर मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६पर्यंत घेऊ. प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणाचं, किती, कोणत्या तारखेचं कर्ज, हे सगळं समितीच्या अहवालानंतर. आणि आमच्याकडे पीककर्ज भरायची तारीख आहे ३१ मार्च. म्हणजे नियम कळायच्या तीन महिने आधी, त्या नियमात बसायचं की नाही हे ठरवायचं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पात्रतेचे नियम लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग. एखाद्या विमा योजनेत ग्राहक बसतो का, सवलतीत बसतो का, याच्या अटी लिहायच्या, त्या तपासायच्या, कुठे फट राहते ते शोधायचं. त्यामुळे असेल कदाचित, पण गेल्या दोन महिन्यांत बाबांशी फोनवर बोलताना मी आमच्या घराचा कर्जमाफीचा इतिहास एखाद्या जुन्या प्रणालीसारखा उलगडून पाहू लागलो. ‘आपण गरीब होतो का?’ हा प्रश्न त्यात कुठेच लागत नाही. लागतात ते तारखा, एकर आणि अंगठे.

आधी गाव सांगतो. मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात आहे, तेलंगणच्या सीमेला लागून. बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते, आजूबाजूच्या पोडांवर कोलाम राहतात. जमिनीखाली चुनखडी आहे, कोळसा आहे, त्यामुळे सिमेंटचा मोठा कारखाना आला, ट्रक आले, भाड्याच्या खोल्या आल्या. जमिनीवर मात्र तेच : कापूस, सोयाबीन, तूर. बहुतेक सगळं पावसाच्या भरवशावर.

२००८मध्ये मी दहा वर्षांचा होतो. २९ फेब्रुवारीला पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात देशभराची कर्जमाफी जाहीर केली. ३१ मार्च २००७पर्यंत घेतलेलं आणि ३१ डिसेंबर २००७ला थकलेलं कर्ज. दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर पूर्ण माफ. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी उरलेलं भरा, मग पंचवीस टक्के सूट. आमच्यासारख्या जिल्ह्यांत पंचवीस टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल ते. आमची जमीन तेव्हा आजोबांच्या नावावर होती. नऊ एकर, कोरडवाहू, त्यातली दोन एकर निव्वळ मुरमाड. त्या नऊ एकरांवर आजोबा-आजी, बाबा, काका, दोघांच्या बायका आणि आम्ही चार पोरं जगत होतो. पण सातबाऱ्यावर एकच नाव, म्हणून आजोबा ‘मोठे शेतकरी’ ठरले. ओलिताखालची चार एकर बाग असलेला माणूस ‘अल्पभूधारक’ आणि नऊ एकर कोरडवाहूवाला मोठा, ही विसंगती विदर्भाने तेव्हा ओरडून सांगितली होती. उरलेले पंचाहत्तर टक्के भरायला आजोबांकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांना सूटही मिळाली नाही.

तीन वर्षांनी वाटणी झाली. बाबांच्या नावावर पाच एकर आली, काकांच्या चार. दोघेही अल्पभूधारक झाले. जमीन तीच, माणसं तीच, मुरूम तोच. बदलला होता तो फक्त फेरफार, आणि तोवर तारीख निघून गेलेली.

त्या योजनेचं पुढे महालेखापरीक्षकांनी लेखापरीक्षण केलं, तो अहवाल २०१३मध्ये संसदेत आला. लाभ मिळालेली ९०,५७६ खाती तपासली, त्यात २०,२१६ खात्यांमध्ये चुका किंवा त्रुटी सापडल्या, म्हणजे बावीस टक्क्यांहून जास्त. लाभ न मिळालेली ९,३३४ खाती तपासली, तर त्यातली १,२५७ पात्र असूनही वगळलेली होती. माझ्या कामात एखाद्या नियमाने शंभरातल्या बावीस नोंदींवर गोंधळ घातला, तर ती प्रणाली त्याच दिवशी मागे घेतात. इथे अहवाल येईपर्यंत पाच वर्षं गेली होती.

२०१७ची कर्जमाफी आली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. १ जूनला शेतकऱ्यांचा संप झाला, २४ जूनला घोषणा. नाव होतं ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’, आकडा चौतीस हजार कोटींचा. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. ३० जून २०१६ला थकलेलं असायला हवं. लाभाचं एकक ‘कुटुंब’ : नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायको दोघांचे आधार. आई-बाबा दोघं मिळून आपले सरकार केंद्रावर तीनदा गेले. एकदा वीज नव्हती, एकदा सर्व्हर नव्हता, तिसऱ्यांदा आईचा अंगठा उमटला नाही. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांच्या टोकांवर रेषा राहत नाहीत, हे त्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

पण मुख्य अडचण अंगठ्याची नव्हतीच. बाबा ‘थकीत’ नव्हते. २०१६च्या मार्चमध्ये त्यांनी नवं-जुनं केलं होतं.

शहरातल्या वाचकासाठी हा शब्द समजावून सांगायला हवा. मार्चअखेर जुनं पीककर्ज भरायचं, की लगेच नवं मंजूर होतं. भरायला पैसे नसतात, म्हणून चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज उचललं की त्याचे त्याला परत द्यायचे. वर त्या आठ दिवसांचं व्याज. बँकेच्या वहीत कर्ज फिटतं आणि नवं उभं राहतं. घरी काहीच फिटलेलं नसतं, उलट थोडं वाढलेलं असतं. कागदावर मात्र माणूस ‘नियमित कर्जदार’. बाबा असे नियमित होते. काकांनी त्या वर्षी नवं-जुनं केलं नाही, ते थकले, ते माफीत बसले. बाबांच्या वाट्याला नियमित भरणाऱ्यांसाठीची प्रोत्साहनाची रक्कम आली, कर्जाच्या चौथा हिस्सा, तीही पुढच्या वर्षी.

दोन भाऊ, एकाच बांधाच्या दोन बाजू. त्या दिवाळीत दोघं एकमेकांशी नीट बोलले नाहीत. काकांना अवघडल्यासारखं वाटत होतं, बाबांना फसल्यासारखं. कुणी कुणाचं काही घेतलेलं नव्हतं.

त्याच हंगामात बोंडअळी आली. २०१७चं साल यवतमाळात कुणी विसरणार नाही. आधी फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली, मग गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली. मार्च २०१८मध्ये बाबांकडे नवं-जुनं करण्याइतकीही पत उरली नव्हती. ते पहिल्यांदा थकले. आणि थकले म्हणूनच पुढच्या योजनेत बसले.

ती योजना २०१९च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात जाहीर झाली : ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं, ३० सप्टेंबर २०१९ला थकीत असलेलं, दोन लाखांपर्यंतचं कर्ज. अर्ज नाही, बँकांनी याद्या द्यायच्या, यादीत विशिष्ट क्रमांकासह नाव आलं की आधार प्रमाणीकरण करायचं. या वेळी एकक ‘कुटुंब’ नव्हतं, व्यक्ती होती. आधीच्या मानाने नियम खूपच सुटसुटीत होता. फक्त एक कडा होती : मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांच्या वर गेलं, तर काहीच नाही. एक लाख नव्याण्णव हजारवाला पूर्ण मोकळा, दोन लाख एक हजारवाला पूर्ण बाहेर.

वगळलेल्यांच्या यादीत आयकर भरणारे होते, चतुर्थ श्रेणी सोडून पंचवीस हजारांवर पगार असलेले सरकारी नोकर होते. मला तेव्हा कॅम्पसमधून नोकरीचं पत्र आलेलं होतं. पगार सुरू व्हायचा होता, पण पत्र गावभर झालं होतं. केंद्रावरच्या एकाने बाबांना सांगितलं, “घरात इंजिनिअर आहे ना, मग कटते नाव.” २०१७च्या ‘कुटुंबा’चा नियम लोकांच्या डोक्यात अजून चालू होता. दुसऱ्याने सांगितलं, मुलाने रिटर्न भरू नये. तिसऱ्याने रेशनकार्ड वेगळं करायला सुचवलं. बाबांनी मला फोन केला. ते कधी चिडून बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले : “तुले नोकरी लागली मनून मी का शेतकरी नाही रायलो?”

मी शासन निर्णय उतरवून घेतला, वाचला, आणि त्यांना सांगितलं, की तुमचं कर्ज तुमचं आहे, माझा आयकर माझा. ते म्हणाले, “तुले समजलं, पण त्या पोराले समजलं पायजे ना.” त्यांचं बरोबर होतं. नियम छापला जातो मुंबईत, पण लागू होतो खिडकीवरच्या माणसाच्या समजुतीप्रमाणे. नाव यादीत आलं, अंगठा चौथ्या वेळी उमटला, कर्ज फिटलं. एक लाखाच्या थोडं वर. त्या रात्री आईने गोड केलं नाही. ती म्हणाली, माफी झाली म्हणून कुणी गोड करतं का?

तो ‘माफी’ शब्द मला तेव्हापासून टोचतो. सरकारांनाही टोचत असावा. २०१७ला त्यांनी ‘सन्मान’ म्हटलं, २०१९ला ‘कर्जमुक्ती’. गाव ‘माफी’च म्हणतं, म्हणजे गुन्हा काहीतरी झालेला होता हे गावाने मान्य करून टाकलं आहे.

माझ्यावर स्वतःचंही एक कर्ज होतं, शैक्षणिक. तीन लाख साठ हजार. चार लाखांच्या आत असल्याने तारण लागलं नाही, सहकर्जदार म्हणून बाबांची सही लागली. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या घरांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना होती, २००९पासूनची : शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढचं एक वर्ष व्याज सरकार भरणार. मी बसत होतो. तहसीलदारांचा दाखला दरवर्षी दिला. दोन वर्षांचं अनुदान खात्यात आलं, पुढचं आलं नाही. शाखेत विचारलं तर सांगितलं, वरून आलं नाही. वर विचारलं तर सांगितलं, शाखेने मागणी पाठवली नाही. व्याज मुद्दलात मिसळलं. मी ते सगळं २०२४मध्ये फेडलं. मला ते जमलं, कारण दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. बाबांच्या आयुष्यात एक तारीख कधीच आली नाही.

आमच्या टीममध्ये एक अमेरिकन सहकारी आहे, त्याची बायको सरकारी शाळेत शिकवते. तिच्याही मानेवर शिक्षणाचं कर्ज होतं. तिथे २००७च्या कायद्याने अशी सोय केली, की सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० हप्ते, म्हणजे दहा वर्षं भरले, की उरलेलं कर्ज माफ. पहिले लोक २०१७च्या ऑक्टोबरात पात्र व्हायचे होते. २०१८च्या मध्यापर्यंत सुमारे अठ्ठावीस हजार जणांनी अर्ज केले, मंजूर झाले शंभराहूनही कमी. कुणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं होतं, कुणाची हप्त्यांची योजना चुकीची, कुणाच्या संस्थेचा कागद अपुरा. दहा वर्षं प्रामाणिकपणे भरून शेवटी कळलं, की ते हप्ते मोजलेच गेले नव्हते. २०२१मध्ये नियम सैल केले, पुढे दहा लाखांहून जास्त लोकांची कर्जं माफ झाली.

तो हे सांगत होता तेव्हा मला वाटलं, आमचंच आहे हे. मग फरक लक्षात आला. तिथे नियम किचकट होता, पण आधी लिहिलेला होता. तो नीट पाळता येणं निदान शक्य होतं. आमच्याकडे नियम नंतर येतो आणि मागची तारीख घेऊन येतो. ३० जून २०१६ला तुम्ही थकलेले होता का, हे २०१७मध्ये विचारतात. ३० सप्टेंबर २०१९चं डिसेंबरात विचारतात. त्या तारखेला तुम्ही काय करायला हवं होतं, हे त्या तारखेला कुणालाच माहीत नसतं. म्हणून शेतकऱ्याला दर मार्चमध्ये अजून न लिहिलेल्या नियमाचा अंदाज बांधावा लागतो. पावसाचा बांधतो, भावाचा बांधतो, त्यात हा तिसरा.

आता या वर्षाचा हिशेब. बाबांचं पीककर्ज एक लाख तीस हजार आहे. २०२५च्या पावसाळ्याने सोयाबीन नेलं, कापसाचं बोंड काळं पाडलं. अतिवृष्टीच्या मदतीबरोबर कर्जवसुलीला स्थगिती आली. पण स्थगिती म्हणजे माफी नाही, आणि स्थगितीतलं कर्ज उद्या ‘थकीत’ धरणार की नाही, हे कुणी सांगत नाही. ३१ मार्चच्या आत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज शून्य पडतं. नाही भरलं तर सात टक्क्यांनी वर्षाचं नऊ हजार शंभर, आणि पुढे वाढत जाणारं. शिवाय नवं कर्ज नाही, म्हणजे जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर.

मी हे सगळं तक्त्यात मांडलं. उत्तर स्वच्छ आलं : थांबा. नऊ-दहा हजारांच्या बदल्यात एक लाख तीस हजार सुटण्याची शक्यता. जूनचं बी-बियाणं मी पगारातून देईन. उशीर झाला तर झाला.

आणि तिथेच मला त्या उत्तराची लाज वाटली. कारण तोच तक्ता मी बांधाशेजारच्या भाऊंसाठी भरून पाहिला. त्यांच्या घरात पगार नाही. थकले तर जूनमध्ये पेरायला त्यांना पैसे कोण देणार? कृषी केंद्रवाला देईल, चढ्या दराने. नाहीतर गावातला कुणीतरी, महिन्याला शेकडा तीन-चारने. त्यामुळे ते काहीही करून मार्चअखेर नवं-जुनं करतील, कागदावर नियमित होतील, आणि माफीची अट जर पुन्हा ‘थकीत’चीच निघाली तर बाहेर राहतील. थकायलाही ऐपत लागते. ज्या घरात पोरगा पुण्यात आहे, ते घर माफीची वाट बघू शकतं. ज्या घराला माफीची खरी गरज आहे, त्याला वाट बघणं परवडत नाही.

नियमित भरणाऱ्यांचा विचार झालाच नाही, असं मी म्हणणार नाही. पन्नास हजारांचं प्रोत्साहन २०२०च्या सुरुवातीला जाहीर झालं, शासन निर्णय जुलै २०२२मध्ये निघाला, पैसे त्यानंतर आले. भाऊंना ते मिळाले. पण त्यांनी २०१८ला नवं-जुनं करण्यासाठी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं, आणि ते सोडवायची मुदत त्याआधीच टळून गेली होती.

कर्जमाफीविरुद्ध बोलणारे लोक माझ्या ऑफिसात पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं, याने लोकांना न भरायची सवय लागते. मी त्यांना एवढंच सांगतो, की सवय लागायला गोष्ट नियमित व्हावी लागते. पिढीत दोन-तीनदा, कधी येईल ते माहीत नाही, कुणाला लागेल ते माहीत नाही, त्याला सवय म्हणत नाहीत, सोडत म्हणतात. माझी मागणी माफी द्या किंवा देऊ नका, अशी नाही. नियम पेरणीच्या आधी सांगा, एवढीच आहे. मंडळात इतकं पीक गेलं तर त्या वर्षीच्या कर्जाचं असं असं होईल, हे जूनमध्ये लिहून ठेवा. मग भरणारा भरेल, थकणारा थकेल, आणि दोघांना माहीत असेल की आपण कुठे उभे आहोत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाबांना तक्ता वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग विचारलं, “भाऊचं काय निघते यात?” मी सांगितलं. थोडा वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज येत होता.

घरात अजून सात-आठ क्विंटल कापूस पडून आहे. सीसीआयच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी मीच करून दिली होती. लांब धाग्याला हमीभाव आठ हजार एकशे दहा, पण काळवंडलेल्या कापसाला तेवढा मिळणार नाही. बाबा म्हणाले, तो विकतो, बाकीचे तू टाक, आणि मार्चमध्ये भरून टाकू. मी विचारलं, “आणि जूनमध्ये थकीतवाल्यांनाच माफी झाली तर?”

“त होऊ दे. काकाले झाली तवा मी मेलो का?”

मग म्हणाले, भाऊचं नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी पैसे लागतील, ते या वर्षी बाहेरून कावून उचलावे, तुह्याकडे असतील तर पाहा. व्याज घ्यायचं नाही. मी हो म्हटलं. ३० जूनला काय निघेल ते निघेल. ३१ मार्चला बँकेच्या वहीत आम्ही दोन्ही घरं नियमित असू.